दाराची फट

२२ मार्च २०२० च्या सायंकाळी नंदगडात आम्हीही दारात उभे राहून थाळी वाजवली. पुढे आशाताई चौकशीला आली. वहीतले रकाने कानडी, विचारणे मराठीत : कुणाला ताप, कोण परगावाहून आले? मी दाराच्या फटीतून उत्तरे दिली. उन्हातून आलेल्या बाईला पाणीही विचारले नाही.

अंतर राखणे योग्यच होते. पण तांब्या पायरीवर ठेवता आला असता. सावधगिरी कुठे संपते आणि तुटकपणा कुठे सुरू होतो, हे तेव्हा मला कळले नाही, की कळून घ्यायचे नव्हते?

तिला आपण 'कोरोना योद्धा' म्हटले. मोठा सोयीचा शब्द! योद्ध्याने भ्यायचे नसते. झोप लागत नाही, लेकराला जवळ घ्यायला जीव धजत नाही, हे त्याने सांगावे कुणाला? शिवाय सरकारलेखी ती कर्मचारीही नव्हे, मानधनावरची स्वयंसेविका. १० जुलै २०२० पासून कर्नाटकातील आशा दरमहा १२ हजार रुपये आणि संरक्षक साधने मागत संपावर गेल्या, तेव्हा 'अशा वेळी संप?' म्हणणाऱ्यांत मीही होतो.

परवा ती आली, तेव्हा आत बोलावून पाणी दिले. ते दिवस कसे काढलेस, असे विचारणार होतो. तिने वही उघडली, "घरात माणसं किती?"