तोकडं वस्त्र

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटात गुंड तात्या विंचू मंत्राच्या बळावर मरण चुकवतो खरा, पण त्याचा जीव जाऊन बसतो बाहुल्यात. गीता देहाला वस्त्र म्हणते. तात्याच्या वाट्याला ते भलतंच तोकडं आलं. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजातली गुर्मी तीच, हात मात्र वीतभर! देह बदलला म्हणून हाव सुटत नाही, हे कीर्तनापेक्षा इथे लवकर पटतं. म्हणूनच हा बाहुला अजून हसवतो आणि दचकवतोही. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकी भयपटाची, हा आक्षेप मान्य. पण देह आणि आत्म्याचा घोळ आपल्याला उसना आणावा लागत नाही. प्रेक्षक तो घरूनच घेऊन येतो. तात्याला चित्रपटाच्या नायकाचा, लक्ष्याचा देह हवा असतो. मोक्ष तो एकदाही मागत नाही.