काळजीशी वाद घालावा का?

बोलून बरं करायची विद्या मराठी मध्यमवर्गात आली ती बऱ्याच अंशी अल्बर्ट एलिसचं बोट धरून. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञाशी ३६ वर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे स्वतःच्या अविवेकी विचारांशी वाद घालायची रीत, इथे शिकवली. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. अंजली जोशींच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकानं तर एलिस घरोघरी नेला. फ्रॉइड आपल्याकडे चर्चेत राहिला, एलिस वापरात आला. आमच्या नाशिकजवळच्या टाकळीत तप केलेल्या रामदासांनी २०५ श्लोक मनालाच उद्देशून लिहिले, त्यामुळे मनाला चार शब्द सुनावणं आपल्याला परकं नव्हतंच. (रामदास ते एलिस हा दुवा व्याख्यानांतून इतका ओढला गेलाय, की आता तो तुटेल अशी भीती वाटते.)

पण ज्याला काळजीचाच आजार आहे, त्याला त्या काळजीशी वाद घालायला शिकवावं का?

‘जनरलाइज्ड अँग्झायटी’ हे निदान अमेरिकी वर्गीकरणात १९८० साली आलं. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी. सोबत आखडलेले स्नायू, तुटक झोप, चिडचिड. यात विषय सारखा बदलतो, काळजी तेवढी टिकून राहते.

दिंडोरी-निफाडकडचा एखादा द्राक्षबागाईतदार डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर छाटणी झालीय, बाग फुलोऱ्यात आहे आणि आभाळ भरून आलंय. पाऊस पडला तर डावणी रोग येईल, घड कुजतील. रात्री दोनला उठून तो मोबाइलवर हवामान बघतो. इथवर त्याला आजारी कोण म्हणेल? पण आभाळ निवळतं आणि मन सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याकडे वळतं. तिथून पुण्याला शिकणाऱ्या मुलीनं फोन का उचलला नाही याकडे, मग स्वतःच्या छातीतल्या जळजळीकडे. माल गाडीत भरून पैसे हातात आले तरी हे थांबत नाही.

त्याला ‘पाऊस येणारच नाही’ असं पटवू पाहणारा समुपदेशक एक तर खोटा पडेल, नाही तर नशीबवान ठरेल. गेल्या काही वर्षांतली अवकाळी आणि गारपीट बघितलेल्या माणसापुढे शक्यतेचं गणित मांडून उपयोग नाही. तो प्रत्येक आकड्याला नवं ‘पण समजा’ लावतो. आणि आपल्याकडे विवेकवादाच्या नावाखाली पुष्कळदा हेच चालतं.

एलिसचा खरा वार दुसरीकडे होता. पाऊस येईल की नाही हे बाजूला ठेवून तो विचारतो, तो येणार नाही याची हमी तुला मिळालीच पाहिजे, हा हट्ट कुठून आला? कॅनडातल्या मिशेल ड्यूगास या मानसशास्त्रज्ञानं पुढे या आजाराचं मूळ अनिश्चितता न सोसण्यात शोधलं. एलिसचा हट्ट आणि ड्यूगासची अनिश्चितता यांत मला फारसं अंतर दिसत नाही.

मानसशास्त्रज्ञ टॉम बोरकोव्हेकचं निरीक्षण आणखी चमत्कारिक आहे. काळजी चित्रांपेक्षा शब्दांत चालते आणि शब्द चालू असेपर्यंत खरी भीती बोथट राहते. म्हणून ती सुटत नाही. त्यानं रुग्णांना काळजीसाठी रोजची ठरलेली अर्ध्या तासाची वेळ दिली. मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्सच्या पद्धतीत तर काळजीच्या मजकुराला हातच लावत नाहीत. ‘काळजी केली म्हणून मी सावध राहतो’ आणि ‘ही काळजी माझ्या ताब्यात नाही’ या दोन समजुतींवर काम होतं. नॉर्वेतल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीनं ६५ टक्के बरे झाले, तर नेहमीच्या सीबीटीनं, म्हणजे विचार आणि वागणूक बदलणाऱ्या उपचारानं, ३८ टक्के. चाचणी लहान, जेमतेम ८१ जणांची, म्हणून लगेच झेंडा बदलायला नको. २०२३ साली या आजारावरच्या ६५ चाचण्या आणि पाच हजारांवर रुग्ण एकत्र तोलले गेले, तेव्हा सीबीटी, तिच्या नव्या शाखा आणि साधं शिथिलीकरणही उपयोगी ठरलं. उपचार संपल्यानंतरही टिकलेला फायदा मात्र सीबीटीचाच दिसला. मनोविश्लेषणाच्या छोट्या आवृत्तीनंही फायदा होतो, पण जर्मनीतल्या २००९च्या तुलनेत खुद्द काळजी कमी करण्यात सीबीटी पुढे राहिली.

माझा कल असा: सुरुवात सीबीटीनं किंवा एलिसच्या पद्धतीनं करावी, पण वाद हट्टाशी घालावा, हवामानाशी नको. आणि अंगाला सवय लावावी. हवामान दिवसातून दोनदाच बघायचं, मुलीला दुसरा फोन करायचा नाही, आणि त्यानंतरची तगमग तशीच राहू द्यायची. घरची माणसं इथेच आड येतात. ‘अहो, काही होत नाही, झोपा बरं’ हे बायकोचं वाक्य प्रेमाचंच असतं. पण त्यानं तासाभराची हमी मिळते आणि पुढच्या तासाला ती पुन्हा मागावी लागते.

हे शिकवायला मोठा डॉक्टरच लागतो, असंही नाही. गोव्यात ‘मानस’ चाचणीत आरोग्याचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना दोन महिने शिकवून समुपदेशक केलं. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांत सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के बरे झाले; जिथे असे समुपदेशक नव्हते तिथे ४२.५. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. ‘लॅन्सेट’मध्ये हे २०१० साली छापून आलं. दिंडोरीच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजणाऱ्याच्या शेजारी अशी एक खुर्ची का असू नये, हे मला कळत नाही. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट क्रमांक आहे. आणि समुपदेशकाकडे गेलातच, तर पहिल्याच भेटीत विचारा: साधारण किती भेटी लागतील, आणि दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मी घरी काय करायचं?