पेशीतला पाहुणा

रक्तातील तांबड्या पेशी सोडल्या, तर आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक जुना पाहुणा राहतो, असे सांगितले तर वाचकांना ते चमत्कारिक वाटेल.

पेशींचे मुख्य प्रकार दोन. जिवाणूंची पेशी आदिकेंद्रकी, म्हणजे प्रोकॅरिऑटिक. तिच्यात केंद्रकाला पडदा नसतो, डीएनए तसाच उघडा असतो. एका खोलीचा संसार म्हणा ना! माणूस, आंबा, बुरशी यांची पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे युकॅरिऑटिक. केंद्रकाला पडदा, आत निरनिराळ्या खोल्या, आणि आकारही साधारण दहापट. मुले शाळेत हा तक्ता पाठ करतात आणि जिवाणू खालच्या पायरीवरचे, असे ठरून जाते.

पण या मोठ्या घरात ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया जिवाणूंसारखेच आहेत. त्यांना स्वतःचा डीएनए आहे, तोही वर्तुळाकार. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने १९६७ साली असे मांडले की, हे एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू. दुसऱ्या पेशीच्या पोटात गेले, पण पचले नाहीत. अनेक मासिकांनी तिचा लेख परत केला होता. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकात आहे.

मग हा पाहुणा आपला की परका? आपण आडनावावरून माणसाचे मूळ गाव ओळखतो, आणि गाव कळले की माणूस कळला असे मानतो. येथे मूळ परके आहे, आणि तरी त्याच्यावाचून आपण काही मिनिटेही जगणार नाही. त्याने आपली बहुतेक जनुके गमावली; पुष्कळशी यजमानाच्या केंद्रकात गेली. माणसात त्याच्याजवळ ३७ उरली आहेत. आता तोही बाहेर जगू शकत नाही.

यातून कोणी सहकार्याचा धडा काढतात. मला तो घाईचा वाटतो. येथे कोणी कोणाला विचारले नव्हते, आणि निसर्गात घडले ते सारे योग्य म्हटले तर रोगराईही योग्य ठरेल. परंतु इतक्या वर्षांनी मूळ विसरावे, हेही मला पटत नाही. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंची प्रथिने बनवणारी यंत्रणा बिघडवते. काही कुटुंबांत आईकडून येणाऱ्या एका लहानशा बदलामुळे मायटोकॉन्ड्रियाची यंत्रणा जिवाणूंच्या यंत्रणेशी अधिकच मिळतीजुळती असते. तेथे औषध कानातल्या पेशींवरही घाव घालते, आणि क्षय बरा झालेला माणूस बहिरा होतो. म्हणून तसले इंजेक्शन घेण्याआधी आईच्या माहेरी कोणाचे कान अशा औषधाने गेले होते का, हे घरात विचारून डॉक्टरांना सांगावे.