तुकोबांची राखण आणि शाजापूरचे काळवीट

ऑक्टोबर 2025, दिवाळीचे दिवस. मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात सोयाबीन निघाले होते आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानांवर एक छोटे हेलिकॉप्टर अगदी खालून घिरट्या घालत होते. त्याच्या घरघरीने काळविटांचे कळप उधळत आणि पळता पळता हिरव्या पडद्यांच्या दोन भिंतींमध्ये शिरत. तोंडाशी पैस असलेली ही वाट पुढे अरुंद होत जाते आणि तिच्या शेवटाला ट्रक उभा असतो. आफ्रिकेत या पद्धतीला ‘बोमा’ म्हणतात, आणि ती राबवायला दक्षिण आफ्रिकेतूनच तज्ज्ञ आले होते. गोळी झाडायची नाही, भुलीचे इंजेक्शनही द्यायचे नाही. अशा रीतीने 900हून अधिक जनावरे पकडली गेली. त्यांत बहुतेक काळवीट होते, थोड्या नीलगायी. त्यांना गांधीसागर, कुनो आणि नौरादेहीच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले.

शाजापूरच्या शेतकऱ्यांची मागणी जुनी होती. गहू-हरभऱ्याचे कोवळे कोंब काळवीट खातो आणि खातो त्याहून अधिक तुडवतो. नीलगायीने तर एका रात्रीत हरभऱ्याचा तुकडा आडवा करावा. राखणीला रात्र रात्र जागायचे, बॅटरी मारायची, फटाके फोडायचे, जुन्या साड्यांचे कुंपण बांधायचे. ऐपत असेल त्याने सौरऊर्जेवरचे झटका मशीन लावायचे. ऐपत नसलेला एखादा थेट विजेच्या तारेतून प्रवाह सोडतो आणि सकाळी तारेला कधी रानडुक्कर सापडते, कधी वाघ, कधी शेजारचा माणूस.

भोपाळच्या इंद्रपुरीत, भेलच्या कारखान्यालगत रायसेन रस्त्याकाठी वसलेल्या या वसाहतीत, अशी बातमी वाचणाऱ्याचा पहिला उद्गार ठरलेला असणार: बरे झाले, मारले नाही. शहरातल्या माणसाला हरीण भेटते ते मोठ्या तलावाकाठच्या वनविहारात, रविवारी, कुंपणापलीकडे. याच रायसेन रस्त्याने शहर मागे टाकले की थोड्या वेळात गव्हाची शेते लागतात. तिथे नीलगाय कुंपणाच्या अलीकडे असते.

कुणी मेले नाही, शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पाप कुणालाच लागले नाही. मग प्रश्न उरला कुठे?

महाभारताच्या वनपर्वात या प्रसंगाची उलटी बाजू सांगितली आहे. पांडव द्वैतवनात राहत असताना युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे येतात, थरथरत उभी राहतात आणि सांगतात की तुमच्या शिकारीने आमची कुळे संपत आली. बीजापुरती जी थोडी उरली आहेत ती तरी राहू द्या, मुक्काम हलवा. युधिष्ठिर दुसऱ्या दिवशी भावांना घेऊन काम्यकवनाकडे निघतो. तिथे माणसाने जागा सोडली. शाजापुरात ती हरणांना सोडावी लागली. अर्थात पांडवांना सातबारा नव्हता. चार बिघ्यांचा धनी उठून काम्यकवनात जाऊ शकत नाही, हे युधिष्ठिराच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवे.

त्याच पर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. मांस विकणारा हा माणूस कौशिक ब्राह्मणाला शांतपणे समजावतो की नांगर चालवणाराही जमिनीतले असंख्य जीव मारतो. हिंसेशिवाय कुणाचेच पोट भरत नाही. जैन परंपरेने हाच अनुभव अधिक काटेकोर मांडला. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार करून गृहस्थाला जाणूनबुजून, हेतुपूर्वक केलेली संकल्पी हिंसा तेवढी सर्वस्वी वर्ज्य सांगितली. शेतीत होणारी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी हिंसा त्याला पूर्ण टाळता येत नाही, हे गृहीत धरले. मनुस्मृती तर याहून व्यवहारी. जिथे काळवीट आपणहून वावरतो तो देश यज्ञाला योग्य, असे तिचा दुसरा अध्याय सांगतो. मुंजीत बटूला कृष्णाजिन देण्याची रीत आहे, तेही याच काळविटाचे. आणि आठव्या अध्यायात तीच स्मृती शेताला असे कुंपण घालायला सांगते की उंटाला वरून आत डोकावता येऊ नये आणि कुत्र्या-डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक राहू नये. आजच्या भावाने तसे कुंपण घालायचे तर अर्धे शेत विकावे लागेल.

म्हणजे शेत राखताना काही हिंसा होणार, याचा परंपरेला कधीच धक्का बसला नव्हता. धक्का बसतो तो आपल्याला, आणि तोही सोयीने. डिसेंबर 2015मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांपुरती नीलगायीला ‘उपद्रवी’ ठरवले. जून 2016मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या नेमबाजांनी 200हून अधिक नीलगायी मारल्या. केंद्रातल्याच मंत्री मेनका गांधींनी कडाडून टीका केली. पर्यावरणमंत्री होते पुण्याचे प्रकाश जावडेकर, त्यांनी राज्याच्या मागणीकडे आणि शेतकऱ्याच्या नुकसानीकडे बोट दाखवले. दोघांचे वाक्युद्ध देशभर गाजले. मोकाम्याच्या डाळीचे काय झाले, ते फारसे कुणी विचारले नाही.

शाजापूरने त्या रक्तापासून वाट काढली, हे खरेच कौतुकाचे आहे. पण जनावरे गेली कुठे, हेही पाहायला हवे. गांधीसागरात 20 एप्रिल 2025 रोजी दोन चित्ते सोडण्यात आले होते. कुनोत तर सप्टेंबर 2022पासून चित्ते आहेत. त्या जंगलांना भक्ष्याची गरज होती आणि शाजापूरला काळविटांची अडचण. दोन खात्यांच्या दोन अडचणी एकाच ट्रकमध्ये बसल्या. व्यवस्थापन म्हणून हे चोख आहे. मात्र याला निखळ अहिंसा म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक. 2022मध्ये कुनोतल्या चित्त्यांपुढे चितळ सोडल्याच्या बातम्या येताच बिश्नोई समाजाने निषेध केला होता. जंगलात चित्त्याने हरीण मारणे हा त्याचा धर्म, हे बिश्नोईंनाही कळते. माणसाने निवडून, उचलून, त्याच्या तोंडापर्यंत पोहोचवणे यात मात्र संकल्प आला, आणि संकल्प आला की जैन वर्गवारीतला सर्वांत वरचा, गृहस्थालाही न परवडणारा रकाना उघडतो. उलट बाजूचा युक्तिवादही हलका नाही: शेतात तारेला चिकटून किंवा कुत्र्यांच्या टोळीकडून मरण्यापेक्षा मोकळ्या रानात धावायची संधी बरी. तो पटण्यासारखा आहे; फक्त निवड हरणाने केली, असा आव आणू नये.

बिश्नोईंचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे लागते, कारण ते स्वतःच्या कणगीतून किंमत मोजतात. 1485 साली जांभोजींनी घालून दिलेल्या 29 नियमांवर हा पंथ उभा आहे. त्यांच्या शेतात काळवीट चरला तर तो त्याचा वाटा समजला जातो. मध्य प्रदेशात हरदा जिल्ह्यातही त्यांची गावे आहेत. तिथे दया करणारा आणि नुकसान सोसणारा माणूस एकच असतो. बाकी सगळ्या वादात हे दोघे वेगळे आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे.

ही गोम मराठी माणसाला ठाऊक असायला हवी, कारण महिपतींनी ती तुकोबांच्या चरित्रात सांगून ठेवली आहे. तुकोबांना एका शेतकऱ्याने शेत राखायला ठेवले. पाखरांचे थवे कणसांवर उतरले आणि तुकोबांना त्यांना हाकलवेना. भुकेलेला जीव खातो आहे, त्याला उठवायचे कसे? धनी आला, शेत पाहिले आणि प्रकरण पंचांपुढे गेले. पुढचा चमत्कार सगळ्यांना पाठ आहे: मळणी केली तर नेहमीपेक्षा जास्त धान्य निघाले, आणि वरचे धान्य तुकोबांनी स्वतःसाठी घेतले नाही. मधले पंच मात्र कीर्तनात घाईने उरकले जातात. त्यांनी तुकोबांच्या भूतदयेची टिंगल केली नाही आणि तिच्यापुढे हातही जोडले नाहीत. दया तुमची, शेत दुसऱ्याचे, तेव्हा भरपाई तुम्ही लिहून द्या, असा निवाडा केला. तुकोबांनी तो मानला. दयेला कर्जरोख्याचे रूप देणारा असा निवाडा संतचरित्रांत क्वचितच सापडेल.

आजचे तुकोबा कोण, हे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ठरवून दिले आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे; त्याला हात लावायचा नाही, ही साऱ्या देशाची दया. इंद्रपुरीचा रहिवासी तिच्यात भागीदार आहे, दादरचा आणि कोथरूडचाही. शेत मात्र शाजापूरच्या, नाहीतर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या शेतकऱ्याचे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे. तेवढ्यात कळपाचे भागत नाही; तो रात्री ज्वारीत उतरणार, हे नकाशा पाहूनच कळते.

आणि पंचांच्या जागी आला आहे पंचनामा. मध्य प्रदेशात पटवारी येतो, नुकसान ठरावीक टक्क्यांवर गेले असेल तर महसुली नियमांनुसार मदत मिळते. महाराष्ट्रात वनखाते देते. 2015मध्ये पिकात शिरणारे रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर परवानगीने मारण्याची वाटही राज्याने खुली केली. पण पंचनामा डोळ्यांना दिसते तेच मोजतो. पुण्याच्या आयसरमधले मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम कडेच्या शेतांत वर्षानुवर्षे मोजमाप करून 2016मध्ये दाखवून दिले की खरे नुकसान नजरअंदाजापेक्षा पुष्कळ मोठे असते. कोवळेपणी खुडलेले रोप पुन्हा फुटते, हिरवे दिसते; घट दिसते ती थेट खळ्यावर. शिवाय जंगलालगतचा शेतकरी हळूहळू खत-बियाण्यावरचा खर्चच आखडता घेतो. न पेरलेल्या पिकाचा पंचनामा कोण करणार?

गांधीजींनी 1946च्या मे महिन्यात ‘हरिजन’मध्ये स्पष्ट लिहिले की पीक उद्ध्वस्त करणाऱ्या जनावरांना जगवत राहणे त्यांना मान्य नाही. अहिंसेच्या प्रवर्तकाने हे लिहावे याचा अनेकांना त्रास झाला. त्यांच्या भूमिकेशी सहमत व्हायलाच हवे असे नाही. काळवीट वाचवायचा असे ठरवण्याचा हक्क समाजाला आहेच. पण तसे ठरवल्यावर रोखा कुणाच्या नावावर लिहायचा, हे टाळून चालत नाही. वाटवे यांच्या गटाने भरपाई दिसणाऱ्या नुकसानीऐवजी खळ्यावरच्या प्रत्यक्ष उत्पन्नाशी जोडावी, असे सुचवले आहे: जंगलापासून दूरच्या शेताइतके पीक आले नाही, तर फरक सरकारने भरायचा. असे झाले तर राखण करणाऱ्यालाही राखणीचे मोल मिळते आणि खोटा पंचनामा करण्यात कुणाला फायदा उरत नाही. हेलिकॉप्टरने शाजापूरचे काही कळप उचलले, सगळे नाही, आणि काळविटाची मादी सहाएक महिन्यांत विते. मोहीम संपता संपता माळव्यात रब्बीची पेरणी सुरू झाली होती.