जुन्या जीपचा अवयवी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून ज्या सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या घडविल्या, त्यांपैकी आपल्याकडे आलेल्या कित्येक युद्ध संपल्यावर लष्करी मालाच्या लिलावातून, म्हणजे लोकांच्या भाषेत 'डिस्पोजल'मधून, खाजगी मालकांच्या हाती गेल्या. आणि आज त्यांतली एखादी विक्रीस निघाली की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो हाच, की गाडी 'ओरिजिनल' आहे काय? प्रश्न बाजारातला दिसतो खरा. परंतु त्याच्या पोटात दर्शनशास्त्रातला एक फार जुना वाद दडलेला आहे, आणि ज्याने त्या वादाचा कधी विचारच केला नाही त्याला दलाल सहज गुंडाळतो, असे माझे मत आहे.

पारखी मनुष्य प्रथम गाडीखाली शिरतो. चेसिसच्या पुढल्या टोकाचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर सांगाडा विलिसचा, उलट्या पन्हळीच्या घाटाचा असेल तर फोर्डचा. फोर्डने आपल्या नावाचे 'एफ' हे अक्षर बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा उठविले होते, तेव्हा तेही पाहावयाचे. फोर्डचा क्रमांक थेट चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला असे. विलिसचा मात्र रिवेट मारलेल्या पट्टीवर, आणि अशी पट्टी एका सांगाड्यावरून उतरवून दुसऱ्यावर बसविणे हे कसबी मिस्त्रीला मुळीच अवघड नाही. पण ही सारी लक्षणे जुळली म्हणजे तरी काय सिद्ध होते? या गाड्यांचा आराखडाच असा होता, की एकीचा भाग दुसरीला बसावा. रणभूमीवरच्या कारखान्यात विलिसच्या सांगाड्यात फोर्डचे इंजिन जाणे ही नित्याची गोष्ट होती. आणि 1944 पासून तर दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर एकाच घाटाची बॉडी चढू लागली, जी अमेरिकन सेंट्रल नावाचा तिसराच कारखाना बनवीत असे. ज्या वस्तूचा जन्मच असा संमिश्र, तिच्या शुद्ध मूळ रूपाचा आग्रह धरणारा मनुष्य नेमके काय शोधीत असतो?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद रथात बसून भेटीस येतो, तेव्हा बौद्ध भिक्षू नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे आख काय, चाके काय, की जू? प्रत्येक अंगाला नकार देत देत राजा अखेरीस कबूल करतो, की 'रथ' हे या सर्व अंगांच्या आश्रयाने चालणारे एक व्यवहारनाम आहे. हे उत्तर मोठे मार्मिक असले तरी गिऱ्हाइकाच्या कामाचे नाही, कारण रथ हे केवळ नाम असेल तर ते कोणत्याही सांगाड्याला चिकटविण्यास दलालाला शास्त्राधारच मिळतो.

नैयायिकांची भूमिका याच्या उलट आणि, माझ्या मते, येथे अधिक उपयोगी आहे. त्यांच्या मते अवयवी हा अवयवांच्या बेरजेहून निराळा, त्यांच्या संयोगाने अमुक एका क्षणी उत्पन्न होणारा खराखुरा पदार्थ होय, आणि तो संयोग मोडला की त्याचाही नाश होतो. हे मत टोकाला नेले तर नवा प्लग बसविताच जुनी जीप नष्ट होऊन नवी जन्मास आली असे म्हणावे लागेल, आणि असे म्हणणाऱ्या पंडिताला आर.टी.ओ.च्या कचेरीत कोणी उभे करणार नाही. तथापि त्यातून एक धारदार निष्कर्ष निघतो: भंगारात निघालेल्या वीस जीपांचे अस्सल, 'एफ' अक्षराचे बोल्ट, अस्सल चाके आणि अस्सल इंजिन जमवून गेल्या वर्षी जी गाडी उभी केली, तिचे सर्व अवयव 1943 चे असले तरी अवयवी गेल्या वर्षीचा आहे. ती गाडी कोणत्याही घाटात चढली नाही की कोणत्याही नदीत अडकली नाही.

जगन्नाथपुरीत ज्या वर्षी अधिक आषाढ येतो अशा काही वर्षी, अलीकडे 1996 आणि 2015 साली, नवकलेवर होते. कडुनिंबाच्या नव्या काष्ठाच्या मूर्ती घडवितात, जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ रात्रीच्या काळोखात, डोळे बांधून, नव्यांत ठेवतात, आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच समाधी देऊन दैतापती सेवक सुतक पाळतात. चेसिसचा क्रमांक हाच गाडीचा ब्रह्मपदार्थ मानणारा एक वर्ग आहे, आणि त्याला हा दृष्टांत फार आवडेल; पण एक भेद त्याने ध्यानात घ्यावा. पुरीत विधी गुप्त असला तरी देह बदलल्याची वार्ता गुप्त नसते. तिथी जाहीर असते, अधिकारी नेमलेला असतो, आणि काष्ठ जुनेच आहे असे कोणीही भक्ताला सांगत नाही. क्रमांकाची पट्टी रात्री हलविणारा मिस्त्री मात्र नेमके तेच सांगतो.

हाच प्रश्न इंग्लंडात 1990 साली न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे एका दाव्यात आला; तो दावा जीपचा नसून शर्यतीच्या बेंटलीचा होता. 1929 आणि 1930 या दोन्ही वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही गाडी पुढे मोठे इंजिन लावून 1932 मध्ये ब्रुकलँड्सला धावली, तेथील अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डनफी मृत्यू पावला, आणि त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. 1929 चे लोखंड तिच्यात फारच थोडे उरले, म्हणून खरेदीदाराने हरकत घेतली. न्यायालयाने ती हरकत फेटाळली. गाडी मूळ स्थितीत नाही हे मान्य करूनही, तिच्या अस्तित्वाचा धागा मध्ये कोठे तुटला नाही, म्हणून तिला ते नाव लावण्याचा हक्क आहे, असा निर्णय झाला. आपल्या महसुली दप्तरात जमिनीची मालकी पिढ्यान्‌पिढ्या बदलते, वाटण्या पडतात, तरी प्रत्येक फेरफार नोंदलेला असल्याने ती जमीन तीच राहते. हा न्याय त्याच जातीचा आहे.

आपल्याकडे 2021 साली विंटेज वाहनांसाठी जे नियम झाले, त्यांत 50 वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले, म्हणजे चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहनच पात्र ठरते. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते, तेव्हा त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या शेतकऱ्याने पेट्रोल परवडेना म्हणून जीपमध्ये डिझेलचे इंजिन बसविले, आर.सी. बुकात त्याची रीतसर नोंद करविली आणि जुने इंजिन गोठ्यात जपून ठेवले, त्याची गाडी या रेघेबाहेर पडते आणि कौशल्याने जुळविलेली गाडी कदाचित आत शिरते, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

तेव्हा खरेदीदाराने बोल्ट जरूर पाहावेत, पण त्याआधी विक्रेत्याकडून गाडीची संपूर्ण कैफियत मागावी: कोणत्या लिलावातून आली, कोणाकोणाच्या वहिवाटीत होती, काय केव्हा बदलले आणि काढलेले कोठे गेले. जो हे सारे दस्तऐवजांनिशी सांगतो त्याच्या डिझेलच्या जीपला मी अव्वल दर देईन. आणि जो फक्त बोल्टांवरचे 'एफ' दाखवितो, त्याला सुट्या भागांचा भाव द्यावा, त्याहून एक रुपयाही अधिक नाही.