दाखला कशाचा?

'दाखला' या शब्दाची मोठी मौज आहे. फारसीच्या वाटेनें तो आपल्या भाषेंत आला तेव्हां प्रवेश आणि नोंद हे अर्थ त्याच्या अंगीं होते. पुढें पुरावा, उदाहरण असेहि अर्थ त्यास चिकटत गेले, आणि आज शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातीं जो कागद ठेवतात त्यासहि आपण दाखलाच म्हणतों. परंतु पुरावा म्हटला कीं पाहणारा कोणी तरी आला. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणारास न्यायालयांत जें नांव आहे, तें सभ्य माणसें एकमेकांस उद्देशून वापरीत नाहींत. शाळेचा दाखला ही साक्ष कशाची, आणि ती द्यावयाची कोणीं, हा प्रश्न गेल्या वर्षापर्यंत मला पडला नव्हता. तो पडला अमेरिकेंत, ओहायो राज्यांत, माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं.

तिचा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मधल्या काळांत एका लांबलेल्या आजारानें त्याची शाळा सुटली. बरोबरीचे सोबती पुढें निघून गेले, आणि वयानें लहान मुलांच्या वर्गांत जाऊन बसण्याची त्याच्या मनाची तयारी होईना. अशा मुलांकरितां तिकडे घरबसल्या, संगणकावरून, अभ्यासक्रम पुरा करून हायस्कूलचा डिप्लोमा मिळविण्याची सोय आहे. सोय चांगली आहे, हें प्रथमच सांगून टाकतों. आजारी, कमावते, कडेवर मूल असलेले, अशा कितीकांना ह्यावांचून दुसरें दार नाहीं. मीं पाहिलें तें मात्र असें. पडद्याच्या एका अर्ध्या भागांत धडा चालूं असे, तोहि आवाज बंद करून. दुसऱ्या अर्ध्या भागांत भाचा प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे शोधयंत्रांत घालून उत्तर काढी. चारांतला एक पर्याय निवडला कीं पुढचा धडा उघडे. ज्या इतिहासास शाळेंत एक वर्ष लागतें तो त्यानें अकरा दिवसांत संपविला. यादवी युद्ध तर एका दुपारींच आटोपलें.

"हें अप्रामाणिक नाहीं का रे?" मीं विचारलें.

"मामा, उत्तरं सगळी बरोबर आहेत. पुस्तक उघडं ठेवायची परवानगी आहे. मग पुस्तकात बघितलं काय आणि इथं बघितलं काय! खोटं कुठं झालं, तूच सांग."

तीस वर्षें शिकविण्याचा धंदा केलेल्या माणसाच्या जिभेवर ह्याचें उत्तर तयार असावयास हवें होतें. मला तें सुचलें नाहीं. बहीण स्वयंपाकघरांतून ऐकत होती. तीहि कांहीं बोलली नाहीं.

रात्रीं विचार करतांना पहिलें उत्तर सुचलें तें वेळाचें. वर्षाचें काम अकरा दिवसांत होतें तेव्हां तें कामच नव्हे, असें आपण सहज म्हणतों. अमेरिकेंतल्या शाळांचें मापहि घड्याळाचेंच आहे, आणि त्याची जन्मकथा आमच्या पेशास फारशी भूषणावह नाहीं. अँड्र्यू कार्नेगी ह्या धनाढ्य गृहस्थानें १९०५ सालीं कॉलेजांतील प्रोफेसरांच्या पेन्शनीकरितां एक कोटि डॉलर दिले. त्या निधीच्या विश्वस्तांनीं अट घातली कीं, ज्या कॉलेजास पेन्शनीचा लाभ हवा त्यानें प्रवेश देतांना हायस्कुलांतले चौदा 'युनिट' पुरे झालेले मागावे. एक युनिट म्हणजे एका विषयाचे सुमारें १२० तास. १९०६ पासून हें माप देशभर रूढ झालें. मुलानें बाकावर किती तास बसावें, हें गुरुजींच्या म्हातारपणाच्या सोयीबरोबर ठरून गेलें! परंतु तास ही देहाची साक्ष आहे. १२० तास खिडकीबाहेरचें झाड पाहत बसलेला मुलगा प्रत्येक शिक्षकास माहीत असतो, आणि तोहि उत्तीर्ण होतो.

मग तास सोडून केवळ ज्ञान मोजावें काय? तोहि प्रयोग त्याच देशांत झालेला आहे. १९४२ सालीं, शाळा अर्धवट टाकून सैन्यांत गेलेल्या तरुणांकरितां एक परीक्षा निघाली. ती उत्तीर्ण झाल्यास हायस्कूल पुरें केल्याइतकी योग्यता धरीत. जी. ई. डी. ह्या आद्याक्षरांनीं ती परीक्षा पुढें नागरिकांसहि खुली झाली. जेम्स हेकमन ह्या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या अर्थशास्त्रज्ञानें एका सहकाऱ्यासह २००१ सालीं तिच्यावर एक निबंध लिहिला. त्यांना असें आढळलें कीं, ही परीक्षा दिलेले लोक बुद्धीच्या कसोटींत शाळा पुरी करून कॉलेजांत न गेलेल्यांच्या तोडीचे ठरतात. मिळकतींत मात्र ते शाळा सोडून बसलेल्यांच्याच पंक्तीला राहतात. परीक्षेनें हुशारी टिपली. नावडतें काम रोज उठून नेटानें पुरें करण्याची संवय तिला टिपतां आली नाहीं, असा त्यांनीं अर्थ लावला. हा अर्थ मला पटतो, पण मी तो माझ्या भाच्यास लावूं धजलों नाहीं. सरासरी हजारांची असते, आणि अंथरुणावर काढलेला काळ एकट्याचा असतो.

ह्या व्यवहाराचें शेवटचें टोक कोठें पोंचतें तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०१६ सालीं असे डिप्लोमे विकणाऱ्यांविरुद्ध फिर्यादी केल्या. एका फिर्यादींतलें वर्णन असें आहे कीं, परीक्षेस वेळेची मर्यादा नाहीं, देखरेख नाहीं. आणि विद्यार्थी नापास झालाच तर तेच प्रश्न पुन्हां दाखवावयाचे, ते बरोबर उत्तरांवर खूण करून! शिवाय जीवनानुभवाचे गुण निराळे. बँकेच्या चेकबुकाचा हिशेब जुळवितां येतो ना, मग हिशेबशास्त्राचे गुण घ्या; अधूनमधून गाणें ऐकतां ना, मग संगीताचे घ्या. ह्यास फसवणूक म्हणणें सोपें आहे, कारण तेथें पाहणारा कोणीच नाहीं. परंतु माझ्या भाच्याची शाळा तशी नव्हती. ती मान्यताप्राप्त होती, धडे चांगले होते. फक्त तो ते वाचीत नव्हता, आणि तो वाचीत नाहीं हें पाहणारें तेथें कोणी नव्हतें.

म्हणजे दोष दूर राहून शिकण्याचा आहे काय? असें मी म्हटलें तर घरांतूनच खोटा ठरेन. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांनीं बी. ए. बाहेरून केलें. 'बाहेरून' हा शब्द त्या काळीं कॉलेजांत शिकलेले लोक किंचित् नाक मुरडून उच्चारीत. दिवसा शाळा, रात्रीं कंदील, आणि पुस्तकें दुसऱ्याकडून मागून आणलेलीं. आजहि आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणारी मुलें आणि गृहिणी आहेतच. ते कसे शिकले हें कोणी पाहत नाहीं. परंतु शेवटीं एका परक्या दिवाणखान्यांत, परक्या माणसाच्या नजरेखालीं, कोऱ्या कागदासमोर तीन तास त्यांना एकट्यानें बसावें लागतें. शाळेंतल्या मुलाला निदान वर्षभर कोणी पाहतें. बाहेरच्याला शेवटच्या तीन तासांत पाहतें. माझ्या भाच्याच्या खोलींत हे दोन्ही प्रसंग नव्हते. तेथें साक्षीदार एकच होता, आणि तो स्वतः आरोपी होता.

हें सुचल्यावर मला बरें वाटावयास हवें होतें. त्याऐवजीं मला आठवले आमच्या कॉलेजांतले उपस्थितीचे तक्ते. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर विद्यार्थ्यास परीक्षेस बसतां येत नाहीं, असा नियम आहे. ऐंशींच्या वर्गांत वीस येतात. सत्राच्या अखेरीस तक्ता येतो आणि मी ऐंशींच्या ऐंशींवर सही करतों. कारणें आहेत, आणि तीं अगदींच खोटीं नाहींत. कोणी सकाळीं दुकानांत काम करतो, कोणाची एस्टी वेळेवर येत नाहीं, कोणाचें वर्ष वांया गेलें तर घरीं पुन्हां फी भरण्याचें बळ नाहीं. शिवाय सगळेच करतात. भाच्यानें निदान प्रश्न तरी वाचले होते. मीं ज्यांच्या हजेरीची ग्वाही दिली त्यांतल्या पुष्कळांचे चेहरेहि मला ठाऊक नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मीं हें त्याला सांगितलें. सांगूं नये असें फार वाटत होतें. भाच्यापुढें मामाची जी कांहीं अब्रू असते ती घालविणें जिवावर येतें. तो आधीं हसला. "म्हणजे तूही, मामा!" म्हणाला. मग थोड्या वेळानें, हसूं ओसरल्यावर, त्यानें विचारलें, "मग तू आता काय करणार?" मी म्हटलें, पाहूं. त्यावर तोहि "पाहू" म्हणाला, आणि पुन्हां पडद्याकडे वळला.

मी परत आलों. त्याचा एक विषय उरला होता, अमेरिकेची राज्यव्यवस्था. बहिणीनें फोनवर सांगितलें कीं, त्यानें आपण होऊन तिला संध्याकाळीं खोलींत येऊन बसावयास सांगितलें आहे. "दादा, मला त्यातलं काही कळत नाही. मी नुसती विणत बसते," ती म्हणाली. त्या विषयास त्याला सहा आठवडे लागले आणि इतिहासापेक्षां गुण कमी पडले. डिप्लोमा हातीं आल्यावर तिनें गुणपत्रिकेचें छायाचित्र मला पाठविलें. दोन्ही विषय एकाखालीं एक, एकाच टायपांत छापलेले आहेत.

ह्या सत्राचे तक्ते काल माझ्या टेबलावर आले. ऐंशी नांवें आहेत. त्यांतल्या तेवीस जणांना मी ओळखतों. बाकीच्यांपैकीं दोघांना आज निरोप पाठवून भेटावयास बोलाविलें आहे. एकाचे वडील गांवाहून स्वतःच येणार आहेत असें शिपाई सांगत होता.