आज कोणाच्या नावाचं?

आमच्या वर्गात बेचाळीस मुले आहेत. त्यांतली अकरा गावातल्या यतीमखान्यातून येतात. रजब महिन्यातल्या एका दुपारी, शेवटच्या तासाला, खिडकीतून बिर्याणीचा वास आला. शाळेची आणि यतीमखान्याची भिंत एकच आहे, त्यामुळे तिकडे देग चढली की इकडे इतिहासाचा तास संपल्यातच जमा. मागच्या बाकावरच्या एकाने शेजाऱ्याला हळूच विचारले, "आज किसके नाम का है?" दुसरा म्हणाला, "डॉक्टरसाहब की वालिदा के." पहिल्याचा चेहरा खुलला. "फिर तो बोटी मिलेगी."

आम्हाला हसू आले. घरी जाताना मात्र ते वाक्य पायांत घोटाळू लागले. बाराव्या वर्षी या मुलाला एक हिशेब पाठ झाला आहे. आपल्या ताटात जे पडते ते आपल्या भुकेमुळे पडत नाही, कुणाच्या तरी मरणामुळे पडते. वालिदा असेल तर बोटी, दूरचा चुलता असेल तर नुसता शोरबा. जेवणाआधी मुले रांगेत बसतात, मरहूमच्या मगफिरतीसाठी दुआ होते, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि मग वाढप सुरू होते. डॉक्टरसाहेब भले गृहस्थ आहेत, त्यांच्या निय्यतीवर शंका घेण्याचा आम्हाला हक्क नाही. पण प्रश्न निय्यतीचा नाहीच. ज्याच्या हातून आम्हाला सवाब मिळतो, तो मुलगा आमच्या लेखी कोण असतो? माणूस, की साधन?

यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. ते म्हणतात, "मियाँ, पोट भरतं की नाही? मग देणाऱ्याच्या मनात काय आहे ते खुदा पाहील." हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. उपाशी मुलाला तत्त्वज्ञान नको असते. पण पोट भरण्यापुरताच मुलगा असतो का? रमजानमध्ये या अकरा मुलांना एका संध्याकाळी दोन-दोन ठिकाणी इफ्तारचे बोलावणे असते. दुसऱ्या दिवशी त्यांतली तीन पोटदुखीने बाकावर डोके टेकून पडलेली असतात. ईद झाली की पुढचे दोन महिने त्यांच्या वह्या संपल्या काय आणि चपला तुटल्या काय, कुणी विचारत नाही. गरज मुलाची आणि कॅलेंडर मात्र आमचे.

आम्ही बी.एड. केले तेव्हा पाठाच्या टाचणांचा ढीग केला होता. हेतू, साधने, फलकलेखन, मूल्यमापन. मूल रडू लागले तर काय करावे, याचे टाचण आम्ही कधी काढले नाही. बालमानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात पियाजेच्या अवस्था होत्या, पण मागच्या बाकावरचा हा मुलगा नव्हता. कळवळा हा अंगचाच असावा लागतो, तो काय शिकवायचा, असे आपण धरून चालतो.

आणि गंमत पाहा, तो शिकवावा लागतो, हा विचार या देशात रुजला तो आपल्याच एका मोहल्ल्यात. मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मराठी मिशनच्या माणसाने 1920 च्या दशकात नेबरहूड हाउस सुरू केले. गिरणीतले, गोदीतले कामगार, चाळी, क्षयरोग, कर्ज आणि गल्लीत वाढणारी मुले यांच्यात काम करताना त्यांच्या लक्षात आले की चांगुलपणा पुरत नाही, त्याला शिक्षण लागते. 1936 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था तिथेच उघडली. तीच 1944 पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आणि 1954 मध्ये देवनारला गेली. याच संस्थेच्या कामातून 1996 साली संकटातल्या मुलांसाठी चाइल्डलाइनची 1098 ही दूरध्वनीसेवा उभी राहिली. आमच्या शाळेतल्या एकाही मुलाला हा क्रमांक पाठ नव्हता. खरे सांगायचे तर शिक्षकांपैकीही दोघांनाच होता, आणि त्या दोघांत आम्ही नव्हतो.

समाजकार्याचे शिक्षण म्हणजे नेमके काय, हे आम्हाला समजले ते एका विद्यार्थिनीकडून. एम.एस.डब्ल्यू.च्या क्षेत्रकार्यासाठी ती आठवड्यातले दोन दिवस आमच्या शाळेत येत असे. तेवीस-चोवीस वर्षांची, सोलापूरकडची. तिला उर्दू येत नव्हते आणि आमच्या मुलांचे मराठी दिव्य, तरी तिचे काम अडत नसे. दर भेटीनंतर ती काय पाहिले, काय ऐकले, आपल्याला काय वाटले हे वेगवेगळे लिहून काढी आणि तिच्या मार्गदर्शक बाई ते तपासत. एकदा तिची वही आम्ही पाहिली. तिने लिहिले होते, 'बिचारा मुलगा एकटाच बसला होता.' बाईंनी 'बिचारा' या शब्दावर लाल रेघ मारून समासात विचारले होते, 'हे तुम्हाला दिसले की वाटले?'

त्या लाल रेघेने आम्हाला खूप शिकवले. आम्ही अकराच्या अकरा मुलांना आयुष्यभर 'बिचारा' याच हजेरीपटावर लिहीत आलो होतो.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते सांगतो. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या अकरांतला एक मुलगा सातवीत आहे. हिशेबात पक्का, बोलायला कमी. दर जुम्याला नमाजनंतर त्याचे मामू त्याला भेटायला येतात. फाटकाबाहेर लिंबाखाली दोघे उभे राहतात, मामू खिशातून चिक्की काढून देतात. डाव्या हाताने, कारण त्यांचा उजवा हात कोपरापासून नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलगा आमच्यापाशी आला. "सर, एक बात बोलूं? किसीको बताना मत." आम्ही शिक्षकी तोऱ्यात लगेच म्हणालो, "बोल बेटा, वादा." तो म्हणाला, "वो मामू नहीं हैं. अब्बा हैं."

पॉवरलूमवर हात गेला, रोजगार गेला, घर मोडले, आई माहेरी गेली ती गेलीच. चुलत्याने पोराला यतीम म्हणून इथे आणून टाकले, कारण इथे फक्त यतीम घेतात. बापाला मामू म्हणायचे, हे चुलत्यानेच शिकवले. "अब्बा हैं बोला तो नाम कट जाएगा ना, सर?"

वादा आम्ही आधी केला होता आणि ऐकले नंतर. तिथेच आम्ही चुकलो. ती विद्यार्थिनी पुढे म्हणाली की त्यांना पहिल्याच सत्रात बजावलेले असते, मूल काय सांगणार हे ठाऊक नसताना गुप्ततेचे वचन द्यायचे नाही. 'तुझं मी नीट ऐकेन, आणि कुणाला सांगावंच लागलं तर आधी तुला सांगेन,' इतकेच म्हणायचे. अब्रू, मार, लैंगिक अत्याचार, काहीही त्या ओठांवर असू शकते. 2012 च्या पॉक्सो कायद्याने तर अत्याचाराची माहिती असलेल्याने गप्प बसणे हाच गुन्हा केला आहे. अमानत आमच्याकडे मोठी गोष्ट, पण कोणती अमानत पेलवेल हे न पाहता हात पुढे करणे ही अमानतदारी नव्हे.

मुलाचे प्रकरण त्यातले नव्हते, तरी पेच होताच. यतीमखान्याच्या दफ्तरातून दरवर्षी एक यादी येते. देणगीदारांना पाठवण्यासाठी मुलांची हजेरी, गुण, आणि तळाशी वर्गशिक्षकाची सही, की वरील सर्व तलबा यतीम आहेत. गेल्या वर्षी ती यादी टेबलावर ठेवून आम्ही दहा मिनिटे बसलो. सही केली तर खोटी साक्ष. नाही केली तर मुलगा रस्त्यावर आणि वादाही मोडला. आम्ही सही केली. त्यानंतर नमाजला उभे राहिलो तेव्हा मन ठिकाणावर नव्हते.

पुढे हे कोडे घेऊन आम्ही थोडे वाचले, आणि आपलेच घर आपल्याला किती कमी ठाऊक, याची शरम वाटली. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत फकीर आहेत, मिस्कीन आहेत, कर्जदार आहेत, मुसाफिर आहेत. यतीम हा वेगळा वर्ग त्यांत नाहीच. म्हणजे हात गमावलेल्या निर्धन बापाचा मुलगा जकातीला मुकतो तो दीनमुळे नव्हे, एका दफ्तराच्या नियमामुळे. त्याच आठांत जकातीचे काम करणाऱ्यांचाही वाटा ठेवलेला आहे. सेवा पगार घेऊन केली की तिची माया उणी होते, असे आम्ही मानत आलो होतो. तिथे तर मेहनतान्याला हक्काची जागा आहे. आणि सूरह निसाच्या सुरुवातीला यतिमांबद्दल जे हुकूम आहेत, ते वाचताना दयेपेक्षा हिशेबाची भाषा अधिक भेटते. त्यांची मालमत्ता सांभाळा, त्यांची समज पारखत राहा, ती आली की त्यांचे त्यांना द्या, आणि देताना साक्षीदार ठेवा. त्या बाईंच्या लाल रेघेशी याचे नाते आम्हाला फार जवळचे वाटले.

आणखी एक. यतीम म्हणजे बाप वारलेले मूल. आई असू शकते, बहुधा असतेच. आमच्या अकरांपैकी आठ जणांच्या आया हयात आहेत. विधवा बाईला महिन्याचे रेशन दिले असते तर ती पोरे तिच्या कुशीत झोपली असती. पण घरातल्या आईच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लावता येत नाही, ती इमारतीलाच लावता येते. हे कडवट झाले खरे, राहू द्या.

2015 चा बाल न्याय कायदा हेच म्हणतो, की संस्था हा शेवटचा उपाय. आईबाप असमर्थ असतील तरी मूल काळजी व संरक्षणाच्या कक्षेत येते, त्यासाठी बाप मरावा लागत नाही. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, 2023 पासून तिच्यात महिन्याला 2250 रुपये मिळतात. बालकल्याण समितीपुढे हे प्रकरण नेता आले असते. मग का नेले नाही? कारण भीती. 2023 च्या मे महिन्यात बिहारहून मदरशांत शिकायला निघालेली 59 मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर रेल्वेतून उतरवली गेली, त्यांच्या उस्तादांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, मुले बारा दिवस निरीक्षणगृहात राहिली. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाला म्हणून प्रकरण बंद केले. अशा वेळी शासनाची जीप दारात बोलावताना आमचा हात थरथरला, तर त्याला निव्वळ भ्याडपणा म्हणू नये. आणि आपल्या भीतीआड मुलाचा हक्क लपवावा, हेही पटत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये आम्ही वर्षभर उभे आहोत.

वॉर्साचे डॉक्टर यानुश कोर्चाक यांच्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय असे. न्यायाधीश मुलेच, आणि खुद्द डॉक्टरांवरही तिथे खटले चालले. जुलै 1942 मध्ये, ज्यू वस्तीच्या कोंडवाड्यात, तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' केले. ऑगस्टमध्ये नाझींनी सर्वांना त्रेब्लिंकाला नेले आणि डॉक्टर मुलांबरोबर गेले. त्यांच्या मरणाने आपले डोळे पाणावतात. आम्हाला मात्र ते न्यायालय अधिक अवघड वाटते. आमच्यावर मुलांनी खटला भरला, तर पहिला आरोप कोणता असेल?

विद्यार्थिनीला आम्ही नाव न घेता सारे सांगितले. ती कायद्याबद्दल काही बोलली नाही. तिने एवढेच विचारले, "सर, त्याला काय हवंय, हे विचारलंत का?"

विचारले नव्हते. यादी, सही, सवाब, समिती, सगळ्याचा विचार झाला होता. तेवढे राहिले होते.

गेल्या जुम्याला विचारले. आधी त्याला सांगितले की आमचा तो वादा घाईचा होता, आणि तुला न सांगता आम्ही कुठे जाणार नाही. त्याला मदत कुठून मिळू शकते, बाबांबरोबर राहता येईल का, कुणापुढे जावे लागेल, हे ठाऊक होते तेवढे सांगितले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "मुझे उनको अब्बा बोलना है. सबके सामने." थोडे थांबून, "लेकिन इम्तिहान के बाद, सर. अभी नहीं."

वार्षिक परीक्षेला अजून तीन आठवडे आहेत. या वर्षीची यादी काल आली आहे. ती आमच्या कपाटात आहे, सही केलेली नाही. दफ्तरातून दोनदा फोन येऊन गेला.